खात्याची बोट

मुकुल कंधारकरने ती बोट लिलावात घेतली तेव्हा ती बोट आहे हे बघणाऱ्याला सांगावं लागत होतं. विष्णुपुरी धरणाच्या पाण्यावर एकेकाळी पाहणीसाठी फिरणारी पाटबंधारे खात्याची मोटारबोट. फायबरची, सात-आठ माणसं सहज मावतील अशी. पुढे खात्याने नवी आणली आणि हिला गोदामामागे पालथी टाकून दिली. वेड्या बाभळींनी तिला वेढलं, पोटाखाली कुत्र्या व्यायल्या, बाकांच्या फळ्या कुणीतरी चुलीत घातल्या. मागे जिथे इंजिन अडकवतात तिथलं लाकूड चिमटीत धरलं तर चहापत्तीसारखं गळायचं. इंजिनही होतं, पण त्याच्या टोपाखाली गांधीलमाश्यांनी संसार थाटला होता.

"सर, काय करनार हिचं?" टेम्पोतून उतरवताना बसवंतने विचारलं. बसवंतचा केळीचा मळा थेट धरणाच्या पाण्याला लागून होता. त्याची पोरगी मुकुलच्या हाताखाली बारावी झालेली, म्हणून त्याने हळद शिजवायच्या शेडमधली अर्धी जागा सरांना मोकळी करून दिली होती.

"पाण्यात सोडणार," मुकुल म्हणाला.

"पान्यात तर धोंडा बी सोडता येतो," बसवंत हसला आणि बोटीच्या पोटावर चापट मारून बघितली.

मुकुल नांदेडच्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. पन्नाशी जवळ आलेली. बोट घ्यायचं कारण त्याने बायकोला भलतंच सांगितलं होतं, "छंद गं. रविवारी तेवढंच मोकळ्या हवेत." मुग्धानेही खोदून विचारलं नाही. मुलगी पुण्याला शिकायला गेल्यापासून नांदेडातल्या भाग्यनगरच्या घरात तिघंच होती आणि तिघांपैकी एकाजवळ रविवारभर थांबायची कुणाचीच इच्छा नसायची.

ते तिसरे म्हणजे मुकुलचे वडील, दत्तोपंत. धरणाच्या कामावर ते मोठे अधिकारी होते. ही बोट त्यांच्याच दिमतीला असायची. निवृत्त होऊन जमाना झाला, मुकुलची आई चंद्रप्रभाबाई जाऊनही बरीच वर्षं झाली. पुढे अर्धांगाचा झटका आला आणि दत्तोपंतांची उजवी बाजू लुळी पडली. झटक्याने जीभ तेवढी सोडली. आयुष्यात त्यांनी मुलावर कधी हात उगारला नव्हता. तशी गरजच पडली नाही. ते बोलायचे. शांत आवाजात, शुद्ध भाषेत आणि चार माणसं ऐकत असताना. आई गेली त्या दिवशी मुकुल अंगणात हुंदके देत होता, तर जमलेल्या लोकांना ते म्हणाले होते, "बघा, याला धड रडतासुद्धा येत नाही. म्हैस अडल्यासारखा आवाज."

मुकुल सातवीत असताना एकदा अधिकाऱ्यांची पोरं या बोटीतून फिरायला निघाली होती. धरण नुकतंच भरलेलं. मुकुल इस्त्रीचा सदरा घालून सगळ्यांच्या आधी काठावर हजर. दत्तोपंतांनी एकेका पोराला हात धरून आत घेतलं, धाकट्या आरतीला मांडीवर बसवलं आणि मुकुलने पाय उचलला तसे म्हणाले, "तू नको. गणितात ज्याने असे दिवे लावले त्याने चपला सांभाळाव्यात." सगळे हसले. साहेबांच्या विनोदाला हसावंच लागतं. बोट निघून गेली. दुपारच्या उन्हात मुकुल चपलांच्या ढिगाशेजारी उभा राहिला, आणि बोट परत आली तेव्हा ज्याची त्याची चप्पल त्याने ज्याच्या त्याच्या पायाशी नेऊन ठेवली.

म्हणून लिलावाची जाहिरात वाचल्यावर त्याला राहवलं नाही. बोट नवी करायची, बाबांना तिच्यात बसवायचं आणि आपण चालवायची. मग बाबा काहीतरी म्हणतील. काय म्हणतील हे त्याने ठरवलं नव्हतं. काहीतरी बरं म्हणतील.

त्या शेडमध्ये त्याचे दोन पावसाळे गेले. आधी बोट पालथी घालून जुना रंग घासून काढला. फायबरची भुकटी घामाला चिकटून अंगभर खाजकुइली लागल्यासारखी आग व्हायची. देगलूर नाक्यावर मोटारींचे बंपर सांधणाऱ्या दुकानात उभा राहून तो रेझिनमध्ये ते घट्ट करणारं हार्डनर किती घालायचं ते शिकला, तरी पहिल्या खेपेला जास्त पडलंच आणि हातातला मग धुमसून तडकला. तळाला भेगा होत्या. तिथे काचधाग्याची चटई थरावर थर चिकटवत गेला. एकेक थर वाळेस्तोवर शेजारी बसून राहायचा, तापाने फणफणलेल्या लेकराजवळ बसावं तसा. कुजकं लाकूड खरवडून तिथे इतवारा बाजारातून आणलेली सागवानी फळी बसवली. कार्बोरेटर पेट्रोलमध्ये भिजवून त्याची बारीक भोकं मोकळी केली. पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी चक्र नांदेडात काय, हैदराबादेतही मिळेना. ते कोचीहून मागवलं. वाकलेला पंखा लेथवर सरळ करून घेतला.

मग बसवंतच्या प्लास्टिकच्या पिंपात पाणी भरून इंजिनाचा पाय त्यात सोडला आणि दोरी ओढली. पुन्हा ओढली. कित्येक रविवार नुसती दोरीच ओढली. खांदा निखळायची पाळी आली आणि एका सकाळी इंजिन खोकलं, निळा धूर ओकलं, पिंपातलं पाणी उसळून दोघांना न्हाऊ घालून गेलं. बसवंतची बायको शिवकांता केळीतून धावत आली.

"आवो, काय फुटलं?"

"फुटलं न्हाई, चालू झालं!" बसवंत ओरडला. "लई गोड आवाज हाय, सर!"

मुकुल ओलाचिंब उभा होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं.

घरी मात्र रविवार संपताना दत्तोपंत व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत वाट बघत असायचे. "आले का आमचे दर्यावर्दी?" अशी सुरुवात व्हायची. शेजारचे पाठक चहाला आलेले असले की आणखी रंग चढायचा. "लोक भंगार विकतात, पाठक. आमचे चिरंजीव विकत घेतात. इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही ना, ती हौस भागवणं चाललंय." मग चहा घेऊन आलेल्या मुग्धाकडे वळून, "सूनबाई, यांचा विमा भरताय ना वेळेवर? तुमची अळणी भाजी खाऊन मेले नाहीत, पण आता बुडून नक्की मरतील."

मुग्धा आत निघून जायची. मुकुल नळाखाली हातावरचं रेझिन खरवडत बसायचा. उत्तर द्यायची त्याला सवयच नव्हती. एकदा पाण्यावर जाऊ दे, एवढंच तो मनाशी म्हणायचा.

संक्रांत झाल्यावर एका रविवारी बोट पाण्यात गेली. पांढरीशुभ्र, काठाला निळी पट्टी. नावाची जागा तेवढी रिकामी ठेवली होती, बाबांना विचारून घालू म्हणून. शिवकांताने हळदीकुंकू वाहून नारळ फोडला. मुग्धाला पाण्याची भीती, ती काठावरच थांबली. बसवंत आणि मुकुलने दत्तोपंतांना वेताच्या खुर्चीसकट उचलून बोटीत ठेवलं.

"हे काय गाढवाचं खोगीर?" लाइफ जॅकेट चढवताना ते कुरकुरले. "टोचतंय."

"राहू द्या बाबा, लागतं ते."

दत्तोपंतांनी डावा हात बोटीच्या कडेवरून फिरवला. सावकाश, पुढून मागे, जिथवर पोचेल तिथवर. मुकुल जॅकेटचा पट्टा हातात धरून थांबला.

"रंग बरा बसलाय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "अर्थात, रंगाचं काय. पोतेरं फिरवता येणाऱ्या कुणालाही तो देता येतो."

बसवंत जमिनीकडे बघायला लागला. मुग्धाने मान फिरवली. मुकुलने दोरी ओढली. इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं.

बोट तीरासारखी निघाली. केळीचे मळे मागे पडले, काठावरची माणसं बारीक होत गेली. पाणकावळ्यांचा एक थवा अंगाखालून उठल्यासारखा उठला. इंजिनात कुठे खरखर नव्हती, तळाला कुठे थेंब नव्हता. इतकं सगळं आपल्या हातून झालंय यावर मुकुलचा विश्वास बसत नव्हता. पोतेऱ्याची गोष्ट तो विसरूनही गेला. त्याने वेग कमी केला.

"बाबा, नाव काय घालायचं हिला?"

"'भंगार' घाल. ठळक अक्षरात. लोकांना लांबून वाचता आलं पाहिजे."

मुकुलने इंजिनाचा दांडा सरळ केला. मग त्याने ते विचारलं, जे विचारायचं त्याने ठरवलेलं नव्हतं. "मी सातवीत असताना तुम्ही सगळ्या पोरांना या बोटीतून नेलं होतं. मला नेलं नाही. आठवतं?"

"केव्हा?"

"मला चपला सांभाळायला लावलं होतं."

दत्तोपंतांनी आठवून बघितलं. अगदी मनापासून बघितलं, कपाळाला आठ्या पडल्या. मग नाद सोडला. "असेल. तुला नेऊन काय करायचं होतं?"

यात विष नव्हतं. उद्या ऊन पडेल म्हणावं तसे ते म्हणाले आणि धरणाच्या भिंतीकडे बघायला लागले. टोमणा असता तर मुकुलने गिळला असता, गिळायची त्याला सवय होती. ज्या दुपारवर त्याने आपलं अर्धं आयुष्य रचलं होतं, ती या माणसाच्या लक्षातही नव्हती.

त्याने इंजिन बंद केलं.

"पडलं ना बंद?" दत्तोपंत म्हणाले. "मी म्हटलंच होतं."

"पडलं नाही. मी बंद केलंय."

मुकुल उठला तशी बोट डुलली. दत्तोपंतांनी डाव्या हाताने कड धरली. मुकुल त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि जॅकेटचे पट्टे सोडायला लागला. एकेक करून, हळुवार, रोज सकाळी त्यांच्या सदऱ्याची बटणं काढायचा तसे.

"हे काय करतोस?"

"टोचतंय म्हणालात ना."

जॅकेट त्याने मागे टाकलं. मग बोटीच्या कडेवर एक पाय देऊन सगळा भार त्यावर टाकला. बोट कलली. कड पाण्याला टेकायला आली, खुर्ची घसरली, आणि दत्तोपंतांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मुकुलने उभ्या जन्मात ऐकला नव्हता.

"मुकुल! अरे, मला पोहता येत नाही."

"माहितीय."

"हात चालत नाही माझा!"

"तोही माहितीय. रोज मीच धुतो." त्याने पाय काढला. बोट सावरली, उलट्या बाजूला झुकली, पुन्हा सावरली. "बोट कशी झालीय, बाबा?"

दत्तोपंत त्याच्याकडे बघत राहिले. प्रश्न त्यांना कळला होता. "चांगली झालीय."

"ऐकू आलं नाही."

"चांगली झालीय. फार चांगली झालीय. चल, काठाला चल."

"कुणी केलीय?"

"तू."

"नाव घेऊन सांगा."

"मुकुलने केलीय. मुकुलने. अरे, पाया पडतो तुझ्या."

मुकुलने पुन्हा कडेवर पाय दिला. आता त्याची काही गरज नव्हती. इतकी वर्षं ज्या शब्दांसाठी तो ताटकळला होता ते कानावरून गेले आणि त्याला काहीच वाटलं नाही. पण बापाचा खालचा ओठ लटपटताना बघून पोटात काहीतरी गरम, गोड पसरत गेलं. ते पुरतं पसरेपर्यंत तो थांबला. दत्तोपंतांच्या पायजम्यावर ओला डाग उमटला, मोठा होत गेला. त्यांनी डावा हात त्यावर झाकला. झाकायला कड सोडावी लागली, आणि कड सोडायची भीती वाटत होती, म्हणून हात एकदा इकडे आणि एकदा तिकडे जात राहिला.

शेवटी मुकुलने ओंजळीने धरणाचं पाणी घेऊन त्यांच्या मांड्यांवर, सदऱ्यावर, चेहऱ्यावर मारलं. जॅकेट पुन्हा चढवलं. पट्टे नीट आवळले. इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं.

"एक लाट आली," काठावर त्याने मुग्धाला सांगितलं. "बाबा भिजले."

"काका गारठले की वो," म्हणत शिवकांताने चहा पुढे केला. दत्तोपंतांनी तो अवाक्षर न बोलता सगळा प्यायला.

त्या रात्री मुकुल मेल्यासारखा झोपला.

पुढच्या रविवारी पाठक आले, ऐसपैस बसले आणि मजा ऐकायच्या तयारीने म्हणाले, "मग दत्तोपंत, भंगार तरंगलं का?"

दत्तोपंतांची नजर मुकुलकडे गेली आणि चटकन परत आली. "छान झालीय बोट," ते म्हणाले.

पुढे काहीतरी येईल म्हणून पाठक हसू तोंडात धरून थांबले. काही आलं नाही. त्यांनी चहा उरकला आणि गेले.

मुग्धाच्या ते लक्षात आलं, पण त्याचा उपयोग तिला योगायोगानेच कळला. एका दुपारी दत्तोपंतांनी सवयीने घास ताटात थुंकला. "अळणी!" मुग्धाचे हात कणकेत होते, जीव कावला होता. "खा गुपचूप," ती अर्धवट थट्टेत म्हणाली, "नाहीतर यांना सांगते बोटीत न्यायला."

दत्तोपंतांनी थुंकलेला घास उचलला आणि खाल्ला. मग बाकीचं ताट खाल्लं. डाव्या हाताने, घाईघाईने, मान वर न करता. मुग्धा कणकेचे हात तसेच धरून बघत राहिली.

संध्याकाळी तिने मुकुलला विचारलं, "काय झालं होतं हो पाण्यावर?"

"काही नाही."

ती त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिली. "बरं," ती म्हणाली. "मला सांगूच नका."

त्यानंतर तो शब्द घरात रुळला. गोळ्या घ्यायला कुरकूर केली, अंघोळीला उशीर केला, टीव्हीचा आवाज वाढवला की मुग्धा लाडात आल्यासारखी म्हणायची, "काय बाबा, जायचं का बोटीत?" आवाज साखरेसारखा. लग्न होऊन आल्यापासून या माणसाने माणसांत बसून तिच्या हाताची चव, तिचं माहेर, तिचा रंग काढला होता. आता ती पुरणपोळी वाढावी तसं हे वाढायची. पाठकांच्या बायकोसमोर म्हणाली तेव्हा त्या खोखो हसल्या. "पाण्याला एवढे घाबरतात? आणि म्हणे धरणावर साहेब होते!"

मुकुलला तर बोलावंही लागत नसे. पेट्रोलचा कॅन व्हरांड्याच्या कोपऱ्यात असायचा. त्याने तो उचलला की दत्तोपंतांचा डावा हात खुर्चीचा दांडा घट्ट धरायचा. कधीकधी काही कारण नसताना मुकुल तो कॅन एका कोपऱ्यातून उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवायचा. आपण असं का करतो हे तो स्वतःला विचारायचा नाही. दर रविवारी तो एकटा पाण्यावर जायचा, बोटीला मेण लावून चकाकवायचा. लोक बघायला यायचे, बोटीत बसून फोटो काढायचे. एका स्थानिक पेपरात 'भंगारातून बोट साकारणारे सर' म्हणून बातमीही आली. कात्रण मुग्धाने काचेच्या कपाटाला चिकटवलं, दत्तोपंतांच्या खुर्चीतून दिसेल असं.

उन्हाळ्यात आरती आली. मुकुलची धाकटी बहीण, लातूरला बँकेत होती. बापाची लाडकी. पहिल्या दिवशी ती खुशीतच होती. "बाबा किती शांत झालेत! दादा, काय जादू केलीस?" मुग्धा गालात हसली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. आरतीने चहा पितापिताच जाहीर केलं, "आज बोट. बाबा, तुम्ही, मी आणि दादा. लहानपणी तुम्ही मला मांडीवर बसवून नेलं होतं, आठवतं ना?"

दत्तोपंत काठी टेकत उठले आणि आपल्या खोलीत गेले. बराच वेळ झाला तरी येईनात, तेव्हा आरती आत गेली. ते पलंगाच्या कडेला बसले होते. पायजमा गुडघ्यापर्यंत उतरवलेला. एक टॉवेल त्यांनी कमरेभोवती घट्ट गुंडाळला होता आणि त्यावर दुसरा गुंडाळायचा प्रयत्न एका हाताने चालला होता. एक टोक दातात धरलेलं.

"बाबा! हे काय?"

त्यांनी दातातलं टोक सोडलं. "भिजतं ना," ते म्हणाले. "बोटीत."

"काय भिजतं?"

दत्तोपंतांनी तिच्या खांद्यावरून दाराकडे बघितलं. दारात मुकुल उभा होता, हातात पेट्रोलचा कॅन.

"लाट येते," दत्तोपंत घाईघाईने म्हणाले. "पण चांगली झालीय बोट. फार चांगली झालीय. मुकुलने केलीय. मुकुलने."

आरती सावकाश वळली. तिने कॅनकडे बघितलं, भावाकडे बघितलं. "दादा, काय केलंस तू यांना?"

"काही नाही. विचार त्यांना."

"काही नाही केलं गं," दत्तोपंत म्हणाले. "चांगला चालवतो तो. काही नाही केलं."

तिने खाली बसून टॉवेल सोडले, पायजमा वर घेतला, नाडी बांधली. मग मुकुलला ओढतच अंगणात नेलं. "एका हाताचा म्हातारा माणूस आहे तो, दादा!"

"तुझ्यासाठी."

"म्हणजे?"

"तू मांडीवर बसायचीस त्यांच्या. मी काठावर उभा होतो."

"कधी? कुठल्या काठावर?" आरतीला खरंच कळेना. मुकुल हसला. हिलाही आठवत नव्हतं. तिने मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून मुग्धाला विचारलं, "वहिनी, तुला माहीत होतं?"

"मी विचारलं नाही," मुग्धा म्हणाली आणि कुकरचं झाकण लावलं. "इतकी वर्षं मला ते बोलायचे तेव्हा तू तरी कुठे विचारलंस?"

त्याच दुपारी आरतीने बापाचे कपडे भरले, गोळ्या भरल्या, गाडी बोलावली. कुणी अडवलं नाही. गाडीत बसल्यावर दत्तोपंतांनी काच खाली करायला लावली. मुकुल फाटकापाशी उभा होता.

"जाऊ ना?" त्यांनी त्याला विचारलं.

मुकुलने मान हलवली. मगच त्यांनी काच वर करू दिली.

दिवाळीत मुकुल लातूरला गेला. मुग्धा आली नाही. आरतीने फोनवर बजावलं होतं, यायचंच असेल तर तासाभरासाठी ये. तो जिना चढत होता तेव्हाच वरून आवाज ऐकू आला. तोच जुना, थंड, शुद्ध आवाज. आरतीच्या नवऱ्याने, तोही बँकेतच होता, बाजारातून वांगी आणली होती आणि त्यांतली बरीच किडकी निघाली होती. "जावईबापू," दत्तोपंत म्हणत होते, "बँकेत नोटा तरी मोजताना बघता का, की त्याही अशाच आणता?" कुणीतरी पाहुणे ओशाळून हसले. आरती दबक्या सुरात म्हणाली, "बाबा, पुरे ना आता."

मुकुल दारात आला. आवाज तुटला.

दत्तोपंतांचा चेहरा भरला होता, अंगावर स्वच्छ सदरा होता. त्यांनी खुर्चीचा दांडा डाव्या हाताने धरला, जोर लावला, लडखडले आणि उभे राहिले. जावई आधार द्यायला धावला. "बसा," ते मुकुलला म्हणाले.

"बाबा, दादा आहे तो," आरती म्हणाली. "त्याला काय बसा म्हणता? तुम्ही बसा आधी."

ते बसले नाहीत. खुर्चीकडे हात करून उभेच राहिले. "बसा ना," ते पुन्हा म्हणाले.

मुकुल त्या खुर्चीत बसला. गादी अजून कोमट होती. दत्तोपंत उभेच होते. त्यांचा लुळा पाय थरथरत होता. सगळे मुकुलकडे बघत होते.

"बसा, बाबा," मुकुल म्हणाला.

तेव्हा ते समोरच्या स्टुलावर टेकले. पाहुण्यांनी काढता पाय घेतला. मुकुलने फराळाची बशी मांडीवर घेतली आणि बोटीबद्दल सांगायला सुरुवात केली. आता तिच्यावर ताडपत्रीचं छत घालायचं चाललंय, त्याचे पाइप कसे वाकवून घेतले, नवं इंजिन बघितलंय ते जुन्यापेक्षा कसं कमी पेट्रोल खातं, पावसाळ्यात पाणी चढलं तेव्हा बसवंतने ती रात्रभर कशी बांधून धरली. दत्तोपंत त्याच्या तोंडाकडे बघत होते. एका वाक्यावरून दुसऱ्यावर जाताना मुकुल जरा थांबला की ते मान हलवायचे. "हो," म्हणायचे. "बरोबर. छान." मुकुलच्या एकाही वाक्यात त्यांनी चूक काढली नाही, एकदाही मधे तोंड घातलं नाही.

तास होऊन गेला होता. आरती दाराशी हाताची घडी घालून उभी होती. मुकुलला अजून बरंच सांगायचं होतं. त्याने बशी खाली ठेवली आणि तिला आणखी एक कप चहा टाकायला सांगितलं.